मुखेडच्या मुली हात वर करतात

नांदेड-लातूरकडे जाऊन आल्यावर लोकांनी विचारलं, सर, काय आणलं? मी एक ढाल आणली. ती आमच्या शाळेच्या ऑफिसात मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागच्या कपाटात ठेवली आहे आणि येणारा-जाणारा तिच्याकडे बघून माझी पाठ थोपटतो. त्याच प्रवासात मी माझी सगळ्यात गुणी खेळाडू घालवून आलो, ते मात्र कुणाला दिसत नाही. म्हणून हे लिहायला बसलो. मी निफाडचा पी. टी. मास्तर. बावीस वर्षं शिट्टी फुंकण्यात गेली, लिहिण्याची सवय नाही, तेव्हा कुठे घसरलो तर सांभाळून घ्या.

झालं असं की लातूरला चौदा वर्षांखालच्या मुलींची कबड्डीची निमंत्रितांची स्पर्धा होती आणि आमच्या संघाला बोलावणं आलं. मुखेडच्या शिवकांताबाई माझ्या ओळखीच्या. त्याही खेळाच्याच शिक्षिका, वयानं माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या. पूर्वी एका शिबिरात आम्ही दहा दिवस एकाच वर्गात बसलो होतो. त्यांचाही संघ लातूरला जाणार होता. त्यांनी फोनवर हुकूमच सोडला, ‘सर, लातूरला येताच हाव तर आधी दोन दिवस आमच्याकडं या. येळवस हाय. पोरींना शेतात जेवू घालू.’ आमच्याकडे येळवस नावाचा सण नाही. मुलींनी नाचून मैदान डोक्यावर घेतलं, मग माझं काय चालतंय?

बारा मुली होत्या, पण या हकिगतीत एकीचंच नाव लक्षात ठेवलंत तरी पुरे. गौरी. सातवीतली, काडीसारखी, जेवायला बसली की तासभर उठायची नाही, आणि चढाईला गेली की डोळ्याचं पातं लवायच्या आत शिवून परत. तिला मी दोन वर्षं घडवली, असं मी तेव्हा सगळ्यांना छातीवर हात ठेवून सांगायचो.

नांदेड

नांदेडला सकाळी उतरलो ते आधी गुरुद्वाऱ्यात गेलो. बारा मुलींचे चोवीस पांढरे कॅनव्हासचे बूट जोडाघरात दिले, बिल्ला खिशात टाकला आणि रुमालानं डोकी झाकून लंगरच्या पंगतीत बसलो. एक पिकल्या दाढीचे सेवेकरी पोळ्या वाढत येत होते. मी सवयीनं एक हात पुढे केला. ते थांबले. रागावले नाहीत, बोलले नाहीत, नुसते थांबून राहिले. शेवटी गौरीनं कोपरानं ढोसलं, ‘सर, दोन्ही हात.’ मी ओशाळून दोन्ही हात जोडून पुढे केले तेव्हा पोळी हातात पडली. आमच्या शाळेच्या स्नेहभोजनात शिक्षकांची पंगत आधी आणि मुलांची नंतर. इथे माझ्या एका बाजूला गौरी आणि दुसऱ्या बाजूला कोण एक ट्रकचालक, आणि सगळ्यांना डाळ एकाच बादलीतली. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बाहेर आलो तर बिल्ला गायब. सगळे खिसे उलटे केले. जोडाघरातल्या बाईंनी काही चौकशी केली नाही, मुलींना म्हणाल्या, या आणि आपापले ओळखून घ्या. सगळे बूट सारखेच, त्यामुळे मापं घालून बघण्यात अर्धा तास गेला आणि पुढची बस चुकली. मग घाटावर जाऊन बसलो. गोदावरी तीच, आमच्या निफाड तालुक्यातून खाली आलेली, पण इथे पात्र रुंद आणि पाणी संथ. ‘सर, हे आपल्याकडचं पाणी का?’ एकीनं विचारलं. मी हो म्हणालो, तर सगळ्या पायऱ्यांवर ओळीनं बसल्या आणि एकेकीनं पाण्यात हात घालून पाहिला.

मुखेड

मुखेडच्या स्टँडवर शिवकांताबाई उभ्या होत्या. कपाळाला भस्माचे पट्टे, सुती साडी आणि खाली स्पोर्ट्सचे बूट. मागे त्यांच्या बारा मुली. त्यांच्याकडची रीत अशी की पाहुणा संघ शाळेच्या खोलीत उतरवायचा नाही, तर वाटून घ्यायचा. समोरच्या संघातल्या मुलीनं आपल्या जोडीची पाहुणी निवडायची आणि घरी न्यायची. ज्यांच्याशी दोन दिवसांनी झटापट करायची, त्यांच्याच घरी झोपायचं, त्यांच्याच ताटात जेवायचं. आमच्याकडे समोरच्या संघाशी सामन्याआधी बोलू नका म्हणून मी दम भरतो. मला हे काही रुचलं नाही, पण पाहुणा म्हणून गप्प बसलो.

गौरीला महानंदानं नेलं. महानंदा त्यांची कर्णधार, डाव्या कोपऱ्याला खेळायची. बुटकी, आडव्या बांध्याची, आणि घोटा एकदा तिच्या हातात आला की सुटायचा नाही. घरचं किराणा दुकान, शिवाय गावाबाहेर थोडं शेत. आईला ती अव्वा म्हणायची. मी सकाळी चौकशीला गेलो तर दोघी चुलीशी बसून धपाट्यांवर दही ओतून खात होत्या आणि अव्वा गौरीला म्हणत होत्या, खा गं, लई वाळली हायस, वाऱ्यानं उडशील. गौरी तासभर जेवते म्हणून तिची आई वैतागते. इथे अव्वा आणखी वाढत होत्या, त्यामुळे पोरगी खुशीत.

दुसऱ्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. अख्खं गाव शेतात. दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. महानंदाच्या शेतात कडब्याची खोप केली होती, आत पाच दगड मांडून पूजा, आणि मडक्यात आंबील. भज्जी म्हटल्यावर मला वाटलं तळलेली भजी असणार. पुढ्यात आली ती सगळ्या शेंगांची, पालेभाज्यांची आणि बेसनाची दाट भाजी, वर बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे. मी तीनदा वाढून घेतली. आजूबाजूला तूर वाळत उभी, हरभरा घाट्यावर आलेला, ज्वारीची कणसं दुधात. ओळखीचे असोत-नसोत, बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाका मारून आंबील पाजत होते. आमच्याकडे द्राक्षाच्या बागेला तारेचं कुंपण आणि वर कुलूप, असा हात धरून ओढणारा शेतकरी मी कुठे बघणार?

जेवणं जिरली तशा मुली सोयाबीन निघालेल्या मोकळ्या तुकड्यात उतरल्या. पायानंच रेघा ओढल्या. मी शिट्टी काढली, तर शिवकांताबाई म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ द्या सर खिशात. आमच्यात पंचाला लई काम नसतंय.’

मला वाटलं चेष्टा करतायत. खेळ सुरू झाला आणि बघतो तर काय, गौरीची बोटं महानंदाच्या खांद्याला जेमतेम चाटून गेली असतील, मला तर दिसलीही नाहीत, तोवर महानंदा हात वर करून बाहेर गेलीसुद्धा. पाठोपाठ दुसरी. कुणी विचारलं नाही, कुणी वाद घातला नाही. कधी एखादीला उमगलं नाही तर शिवणारीनं नुसतं ‘लागला’ म्हणायचं, की ती जायची. मी बाईंना म्हणालो, अशानं तुमच्या मुली जिल्ह्याच्या पुढे जायच्या नाहीत.

‘न्हाई गेल्या तर न्हाई,’ त्या हसून म्हणाल्या. ‘शिवणारीला कळतंय, शिवलेलीला कळतंय. मंग तिसऱ्याला कशाला तरास?’

उन्हं उतरेपर्यंत आमच्याही मुली हात वर करायला लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं, लागण झाल्यासारखं झालं. मला मनातून धास्ती वाटली. संध्याकाळी मी त्यांना शाळेच्या पटांगणात गोळा केलं आणि माझा नेहमीचा पाढा वाचला. पंचाची शिट्टी होईपर्यंत जागचं हलायचं नाही, बोट लागलं असलं तरी चेहरा सरळ ठेवायचा, कबुली द्यायची नाही. गौरी म्हणाली, ‘पण सर, लागलेलं आपल्याला कळतंच ना.’

मी म्हणालो, कळतं, पण सांगायचं नसतं. असं मी बावीस वर्षं सांगत आलो आणि त्यात वावगं काही आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

लातूर

दोन्ही संघ एकाच एस. टी.नं लातूरला गेले. अव्वांनी बांधून दिलेले धपाटे उदगीरच्या फाट्याआधीच संपले. लातूर म्हणजे शिकवण्यांचं गाव. चौकाचौकात पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, खाली टक्के, आणि पाठीला पिशव्या लावलेली मुलं घोळक्यानं एका शिकवणीतून दुसरीकडे चाललेली. आमच्या मुली फोटोंतले चष्मे मोजत होत्या. संध्याकाळी दोन्ही संघ मिळून बाजारात हिंडले, सगळ्यांनी एकसारख्या काचेच्या बांगड्या घेतल्या, आणि खेळताना बांगड्या चालत नाहीत म्हणून मी सगळ्यांना काढायला लावल्या.

आम्ही दोघेही एकेक सामना जिंकत गेलो. मुखेडच्या मुली इथेही हात वर करत होत्या. पहिल्या सामन्यात पंच चकित झाले, दुसऱ्यात हसले, तिसऱ्यात त्यांच्याकडे जरा कौतुकानं बघायला लागले. त्या जिंकत होत्या याचंच मला नवल वाटत होतं. शेवटी अंतिम सामन्यात त्याच समोर आल्या.

आता मी माझी बाजू सांगतो, म्हणजे बाजू अशी काही नाही, पण मनात काय होतं ते सांगतो. सहा वर्षं आमचा संघ अंतिम सामन्यात हरत आला होता. मुख्याध्यापक दर वेळी म्हणायचे, काय सर, यंदाही दुसरेच का? आणि शिक्षकांच्या खोलीत हशा पिकायचा. माझ्या डोक्यात तो हशा बसला होता. या खेपेला मला ढाल हवीच होती.

सामना असा रंगला की लातूरकर खुर्च्यांवर उभे राहिले. शेवटची चढाई उरली तेव्हा गुण बरोबरीत होते. मी विश्रांती मागून घेतली. मुलींना पाणी दिलं आणि गौरीला बाजूला घेतलं. म्हणालो, महानंदाच्या अंगावर जा. शिवता आलं तर उत्तमच. नाही आलं, तर मागे फिरून तिच्याकडे बोट दाखव आणि लागला म्हण. ती जाईल.

गौरीनं माझ्याकडे बघितलं. ‘नसला लागला तर, सर?’

‘तर बघायला पंच आहेत. तू म्हण.’

ती गेली. महानंदानं घोट्याला झेप घेतली, गौरी उडी मारून निसटली आणि रेघ ओलांडून आमच्यात आली. दोघींच्या मध्ये वीतभर अंतर होतं. मी त्याच बाजूला बसलो होतो, मला लख्ख दिसलं. मधे बाकीच्या मुली आल्यामुळे पंचांना दिसलं नसावं, त्यांची शिट्टी झाली नाही. गौरी क्षणभर नुसती उभी राहिली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी होय म्हणून मान हलवली. देवाशपथ सांगतो, तेव्हा मी नुसती मान जरी फिरवली असती तरी तिनं केलं नसतं. तिनं बोट दाखवलं आणि म्हणाली, ‘लागला.’

महानंदानं आपल्या हाताकडे बघितलं, मग गौरीकडे. मग हात वर केला आणि बाहेर गेली. पंचांनी गुण दिला. आमच्या मुली मैदानात नाचायला लागल्या आणि त्यांच्यात हा ढेरपोट्या मास्तरही नाचत होता.

महानंदा धावत आली आणि तिनं गौरीला उचलून घेतलं. गौरी रडत होती. सगळे म्हणाले आनंदानं रडतेय. मीही तसंच म्हणालो. पारितोषिकाच्या आधी ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, मी मुखेडच्या मॅडमना सांगून येऊ का. मी तिचं मनगट धरलं. निकाल लागलाय, आता सांगून काय साधणार, शाळेचं हसं होईल, गाडीची वेळ झालीय, असं काय काय मी बडबडलो. हिसडा मारून गेली असती तर मी अडवू शकलो नसतो. पण ती माझं ऐकणारी मुलगी होती. ढाल घ्यायला तिला पुढे बोलावलं तेव्हा तिनं हात मागे बांधले आणि दुसऱ्याच मुलीला पुढे ढकललं. निघताना शिवकांताबाईंनी माझं अभिनंदन केलं आणि शेतातल्या तुरीच्या शेंगांची पिशवी हातात दिली.

निफाड

परत आल्यावर शाळेत हार, पेढे, बातमी, सगळं झालं. गौरी मैदानावर आली नाही. आधी पोट दुखतंय म्हणाली, मग चाचणी आहे म्हणाली. मी घरी गेलो. तिच्या आईनं विचारलं, सर, तिकडे काही झालं का? मी म्हणालो, छे, काही नाही.

तीन आठवड्यांनी ती स्वतः आली. संघाचा टी-शर्ट धुऊन घडी घातलेला होता, तो तिनं माझ्या टेबलावर ठेवला. मी म्हणालो, अगं वेडे, असं काय करतेस, पुढच्या महिन्यात विभागाची निवड आहे. तिनं ते ऐकलंच नाही. म्हणाली, ‘सर, महानंदाला कुणी सांगितलं का?’

‘काय?’

‘तिला लागला नव्हता ते.’

मी टी-शर्टाची घडी पुन्हा सारखी करत राहिलो. ती थोडा वेळ थांबली आणि गेली.

त्याच संध्याकाळी मी शिवकांताबाईंना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. विश्रांतीत काय म्हणालो ते, मान हलवली ते, मनगट धरलं ते. वाटलं होतं झाडतील. झाडलं असतं तर फार बरं झालं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘मला शंका होती सर. परत येताना बसमधी महानंदा आपला हात चाचपून राहिली होती. मी म्हणलं, दुखतंय का गं? तर म्हणली, न्हाई मॅडम, कुठं लागला ते बघून राहिले.’

मला वाटलं एवढ्यावर संपलं. पण त्या पुढे बोलल्या. लातूरहून परतल्यावर तालुक्याच्या सामन्यात महानंदाला खरंच शिवलं होतं, सगळ्यांना दिसलं, आणि ही जागची हलली नाही. बाईंनी नंतर विचारलं तर म्हणाली, मला कळत न्हाई मॅडम, पंचाला कळंल. आता बाकीच्या मुलीही तिच्याकडे बघून शिट्टीची वाट बघतात. बाईंच्या आवाजात राग नव्हता. मला लाज वाटली.

मी म्हणालो, मला तिच्याशीच बोलायचंय. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मैदानावरून फोन लावला आणि तिच्या हातात दिला. मीही मैदानावरच होतो. पलीकडे मुलींचा गलका ऐकू येत होता.

‘महानंदा, मी गौरीचा सर बोलतोय.’

‘हाव सर.’

मी सांगितलं. तुला लागला नव्हता. वीतभर अंतर होतं, मी बघितलं. गौरीला तसं म्हणायला मीच सांगितलं होतं, तिची काही चूक नाही. तुझी तर नाहीच नाही.

तिनं मागच्या मुलींना हळू बोला म्हणून दटावलं. मग म्हणाली, ‘म्हंजी मला लागलाच नव्हता?’

‘नाही.’

‘मला बी तसंच वाटलं होतं. पर गौरी म्हणली म्हणून मी म्हणलं, आपल्यालाच कळला नसंल.’ मी तिच्या रागाची वाट बघत उभा होतो. मग म्हणाली, ‘सर, गौरीला द्या ना फोन.’

माझ्यापुढे अकरा मुली चुन्यानं मैदानाच्या रेघा मारत होत्या.

‘ती आज आलेली नाही,’ मी म्हणालो.

‘मंग उद्या लावते,’ ती म्हणाली आणि तिनं फोन मॅडमकडे दिला.